चारनंतर तेरा

समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: आधार. पुढे प्रश्नचिन्ह, आणि त्याच्या खालचा ठिपका इतका दाबून दिलेला की कागदाच्या मागच्या बाजूला पुळी उठली होती. तीस वर्षं प्रूफं तपासत मी दुसऱ्यांच्या समासात खुणा करत आले आहे. काना राहिला, ओळ तुटली, परिच्छेद सरकवा. माझ्या समासात कुणी खूण केली ती पहिल्यांदाच, आणि ती अंगाला लागली. समोर तळटीप सर बसले होते. हे नाव मीच ठेवलेलं, कारण हा माणूस पाणी प्यायला तरी खाली टीप देईल. प्रकाशकाने माझं पुस्तक तपासायला त्यांच्याकडे दिलं होतं. माझ्या नावाच्या पुढे-मागे एकही पदवी नाही, सातवीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला हे अजून ठरायचंय, आणि अशा बाईने बुद्धाच्या उपदेशाची ओळख लिहायची म्हणजे कुणा शहाण्याच्या हाताखालून गेलेलं बरं.

“ताई, ही गोष्ट कुठली?”

“ऐकलेली.”

“कुणाकडून?”

“घरी.”

ते हसले. वाईट हसले असं नाही, दमून हसले. “घर हा ग्रंथ नव्हे, ताई.”

गोष्ट अशी होती. एक बाई मेलेलं मूल कडेवर घेऊन बुद्धाकडे येते, याला उठव म्हणते. तो म्हणतो, ज्या घरात कधी कुणी गेलेलं नाही, त्या घरातून चिमूटभर मोहरी आण. ती निघते, पहिलं दार वाजवते. घरातला माणूस दार उघडतो, तिच्याकडे बघतो, आणि एक शब्द न बोलता नदीवर जातो. गवत, फांद्या, काटक्या गोळा करतो, तराफा बांधतो, हातापायांनी पाणी मारत पलीकडे जातो, बाईही बरोबर. पलीकडच्या काठावर सांगणं येतं: जे आणलंस ते इथे खाली ठेव, डोक्यावर घेऊन फिरू नकोस, पुढे चाल. आणि ती कडेवरचं मूल खाली ठेवते. मोहरी मिळतच नाही. मिळत नाही म्हणून त्यातून शहाणपणही कुणी काढत नाही. माझ्या पुस्तकातलं हे सगळ्यात लहान प्रकरण. बाकीची अकरा प्रकरणं मी ह्याच्यासाठी लिहिली होती.

“ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,” सर म्हणाले. “मोहरीची एक, तराफ्याची एक. एकमेकींशी काही संबंध नाही. कुणीतरी एकीचं डोकं दुसरीच्या धडावर बसवलंय. उद्या सकाळी पानं छापायला जातात. आज संध्याकाळपर्यंत आधार दाखवा, ठेवू. नाहीतर गाळा.”

त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. मोहरीची मी चाळीस पुस्तकांत तपासली असेल, तराफ्याची तीसेक. पण बाबांची ही तिसरी असणार असं मी लहानपणापासून धरून चालले होते. कपाटंच्या कपाटं भरतील एवढे ग्रंथ, सगळे कुणी वाचलेत? कुठल्या तरी कोपऱ्यात ती असेलच. श्रद्धा म्हणतात ती हीच बहुतेक, न तपासलेलं प्रूफ. मी कागद गोळा केले आणि निघाले. जिन्यात पाय भराभर पडत होते आणि डोक्यात नुसत्या शिव्या. सरांना नाही. त्यांचं काम ते करत होते. शिव्या त्या चाळीस पुस्तकांना. तोंडओळखी सगळ्या. मुखपृष्ठावर कमळ, मागे लेखकाचा डोळे मिटलेला फोटो, आत पहिल्याच पानावर दुःखाचं कारण सापडलेलं आणि तिसऱ्यावर औषध. एकाने लिहिलं होतं, मृत्यू अटळ आहे हे समजताच ती माता शांत झाली. समजताच! मी त्या शब्दाभोवती गोल काढला होता. लेखकाचा निरोप आला: तपासनिसाने शब्द तपासावेत, आशय नको. त्या दिवशी मी ठरवलं की आता एक ओळख मी लिहिणार, आणि तिच्यात आमच्या घरची बाई असणार, जिला कुणी मोहरीसाठी दारोदार पिटाळलं नाही.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. आईकडे जायला पंचवीस मिनिटं लागतात, पण त्या दिवशी मी मनाने त्याच्याही आधी पोचले होते, जुन्या खोलीत, जिथे आता कसलं तरी दुकान आहे. बाबा बाइंडर. छापखान्यातून मोठमोठे छापील कागद यायचे, त्यांना फर्मे म्हणायचे. एका फर्म्यात सोळा पानं, आठ ह्या बाजूला, आठ त्या. पानं ओळीने छापत नाहीत, अशी विखरून मांडतात की तीन घड्या घातल्या की आपोआप क्रम लागतो. आई आणि बाबा समोरासमोर बसून घड्या घालायचे, हातात हाडाची गुळगुळीत पट्टी, आणि तिचा आवाज दिवसभर, स्स्र्र, स्स्र्र, जसं कुणी झोपेत श्वास घेतंय. शाईचा वास, खळीचा आंबट वास. घडी घातलेल्या फर्म्यांच्या थप्पीवर फळी, आणि फळीवर वजन. वजन म्हणजे मुंगी. माझी धाकटी बहीण. अडीच वर्षांची, पण थप्पीवर बसवली की अशी ताठ बसायची जशी कारखान्याची मालकीण. बाबा म्हणायचे, “बाई, जरा जड व्हा, हवा निघेना.” मग ती गाल फुगवायची, मुठी आवळायची, जड व्हायची. आम्ही हसायचो. पुस्तकं विकत घेणाऱ्या लोकांना कधी कळलं नाही की त्यांच्या पानांमधली हवा कुणी काढली. कशाला कळावं? बांधणाऱ्यांना वाचता येत नाही आणि वाचणाऱ्यांना बांधता येत नाही, असा तो सगळा व्यवस्थित कारभार होता.

त्या व्यवस्थेत बाबांनी एकच गडबड केली. वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते अक्षर शिकले. छापखान्यातला जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर लावणारा, त्याने जेवणाच्या सुटीत शिकवलं, खिळे दाखवून. त्यामुळे बाबांना अक्षरं आधी उलटी यायची, आरशातली, मग सुलटी. वाचायला पुस्तक कुठून आणायचं? तयार झालेलं पुस्तक आमच्या घरात राहायचं नाही, गठ्ठा बांधून जायचं. राहायचे ते खराब फर्मे. छपाई सुरू करताना शाई जुळेपर्यंत जे पाच-पन्नास कागद वाया जातात ते, एका बाजूला छापलेले, मागे कोरे. मागच्या बाजूवर मी पाढे लिहायची, पुढच्या बाजूवर बाबा वाचायचे. जमिनीवर अख्खा फर्मा पसरून, त्याच्याभोवती गुडघ्यांवर, बोटाने, एकेक अक्षर. “दु. दुः. दुःख.” आई म्हणायची, “एवढं अडखळण्यासारखं काय आहे त्यात, मला पाठ आहे.”

मग मुंगीला ताप आला. तीन दिवस. ह्याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, पुस्तकातही लिहिलं नाही. आई भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. पट्टीचा आवाज निम्मा झाला, एकट्या बाबांचा, आणि त्या निम्म्या आवाजाने झोप लागत नसे. कुणीकुणी येऊन बोलून गेलं. देवाला आवडली. पुन्हा होईल. आमच्याकडेही गेलंच की. आई ऐकायची आणि वाटी जमिनीवर सरकवतात तशी ते शब्द बाजूला सरकवायची. आठव्या दिवशी दुपारी बाबा छापखान्यातून आले आणि त्यांनी एक खराब फर्मा आईच्या पाठीमागे पसरला. नवी पुस्तिका होती, सोळाच पानांची, बुद्धाच्या उपदेशाची तोंडओळख. “ऐक,” ते म्हणाले, “ह्यात एक बाई आहे.” आणि वाचायला लागले. तीन दुपारी लागल्या त्यांना. पहिल्या दुपारी बाई मूल घेऊन आली. दुसऱ्या दुपारी माणसाने तराफा बांधला, गवत, फांद्या, काटक्या. बाबांना ‘काटक्या’ जमेना, दहादा म्हणाले. तिसऱ्या दुपारी ती पलीकडे गेली आणि तिने खाली ठेवलं. तेव्हा आई वळली. कागदाकडे बघितलं. उठली, तोंड धुतलं, आणि पट्टी हातात घेतली. मी आठ वर्षांची होते. तो कागद आईला उठवतो हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर मी कागदाचीच झाले. शाळा सुटली तरी वाचणं सुटलं नाही. मिळेल ते, रद्दीतलं, बांधायला आलेलं, कधी नुसतं सतराव्या पानापासून बत्तिसाव्यापर्यंत, पुढचं-मागचं मनानेच भरायचं. मला पुस्तक म्हटलं की आजही आधी ती जमीन दिसते आणि पसरलेला पांढरा कागद, आणि त्याच्या कडेला बाबांचे गुडघे, पॅण्ट तिथे पातळ झालेली.

आईने दार उघडलं. चष्मा डोक्यावर, हातात शेंगा सोलायचं ताट. “अगं, आज वार कुठला? की नोकरीवरून काढलं?”

“आई, ती निळी पुस्तिका कुठे मिळेल? बाबा वाचायचे ती.”

“निळी कुठली? आपल्याला कव्हर कधी लागलं?” तिने ताट ठेवलं. “कागद आहे.”

कागद आहे! चाळीस वर्षांत तिने कधी म्हटलं नव्हतं. गादीखालून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने तो काढला. एकदाच दुमडलेला, पिवळा, दुमडीवर केसाएवढी फाट. मला एवढा आनंद झाला की मी सरांना तिथूनच फोन लावणार होते. घ्या तुमचा आधार, छापील, शाईत. आम्ही तो जमिनीवर पसरला. माझे गुडघे आता दुखतात, तरी बसले. खालच्या ओळीत डावीकडून पहिलं पान, आणि त्याच्या शेवटी ती ओळ: तिने पहिल्या घराचे दार वाजवले. आतून एक माणूस आला. आणि लगेच शेजारच्या पानावर: त्याने गवत, फांद्या, काटक्या गोळा केल्या. माझं बोट तिथे होतं, आणि सवयीने, तीस वर्षांच्या सवयीने, डोळे पानाच्या खाली आकड्यावर गेले. चार. शेजारी तेरा. त्याच्या शेजारी सोळा. मग एक.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. कानात पट्टीचा आवाज आला असं म्हणणं खोटं होईल. जिन्याची एक पायरी कमी असली की होतं तसं झालं. मी कागद उचलला आणि नखाने घडी घातली. एक. दोन. तीन. हात विसरलेले नव्हते. बाई एका बाजूला गेली, नदी दुसऱ्या बाजूला. चौथ्या पानासमोर पाचवं आलं, जे कागदावर त्याच्याच डोक्यावर उलटं छापलेलं होतं, इतकी वर्षं, पाय वर करून. बाबांनी चारनंतर तेरा वाचलं होतं. डावीकडून उजवीकडे, जसं दिसलं तसं. शिकलेल्या माणसाकडून ही चूक झाली नसती, त्याच्या हातात घडी घातलेलं पुस्तक येतं. माझ्याकडूनही व्हायला नको होती. मी फर्म्यांवर वाढलेली बाई, आणि मी ती चूक ग्रंथ म्हणून सांभाळली, वर तिच्याभोवती अकरा प्रकरणं बांधली.

“चुकलं गं त्यांचं,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “पानं चुकली. अशी गोष्टच नाही.”

आई शेंगा सोलत होती. “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“चारशी पाच येऊन भिडतं ते. अक्षर नाही येत मला, आकडे येतात की. आणि तुझ्या बापाने पुढच्या आठवड्यात त्याच पुस्तिकेच्या हजारभर घड्या घातल्या, आंधळा होता का तो?” तिने एक किडका दाणा बाजूला टाकला. “घड्या घालता घालता एकदम थांबला. मी म्हटलं, काय झालं, बोट कापलं? म्हणाला, अगं, मी तुला भलतंच वाचून दाखवलं. गोष्ट तशी नाही, थांब, पाच वाचतो. मी म्हटलं, वाचलंस तर बघ.”

“वाचलं नाही?”

“नाही. कधीच नाही. मी सांगितलं, मेला तो पाच. माझी बाई पलीकडे गेली, तिला परत आणू नको. हसला बिचारा. रडला पण. मग घड्या घातल्या आम्ही.”

चाळीस वर्षं ही बाई एका पानाकडे पाठ करून झोपली होती, त्याच्याच वर. आणि बाबा, ज्यांना मी भोळे समजत होते, भोळे फक्त तीन दुपारी होते, त्यानंतर आयुष्यभर त्यांनी जाणूनबुजून चूक सांगितली. मलाही तीच सांगितली. मला राग आला, आणि रागाबरोबर नेहमीसारखा हुरूपही. मी म्हटलं, “आई, मी हे असंच्या असं छापते. आधार म्हणून खाली लिहिते: माझा बाप, बाइंडर, चुकीचं पान. बसू दे त्या शहाण्यांना बोंबलत. त्यांच्या खऱ्या गोष्टीने कुणाची आई उठवली ते दाखवा म्हणावं.”

“घालू नकोस.”

“का?”

“तुझ्या रागासाठी नाही ती. माझ्यासाठी होती.” तिने चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट बघायला. “आणि छापून काय होणार? कुणीतरी बाई वाचेल, म्हणेल बुद्ध असं म्हणाला. तो म्हणालाच नाही ना? मग त्याच्या तोंडी कशाला घालतेस? तुझ्या बापाने घातलं, पण त्याला त्या वेळी समोर मी दिसत होते. तुला कोण दिसतंय? तो तुझा सर?”

मला खरंच सरच दिसत होते, आणि ती चाळीस कमळं. मी ते प्रकरण मांडीवर घेतलं. तीन पानं. त्यांच्यातला प्रत्येक स्वल्पविराम मी लावून बघितला होता, बाबांच्या अडखळण्यासारखा यावा म्हणून. काटक्या हा शब्द मी मुद्दाम एकटा एका ओळीवर ठेवला होता. लाल पेनने तिरकी रेघ मारली, पहिल्या पानावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. मग सरांना फोन केला. “गाळलं,” मी म्हटलं. ते म्हणाले, “छान, छान. त्या जागी मोहरीची मूळ गोष्ट द्या हवी तर. नाहीतरी ही चुकीचीच होती.” एरवी मी ह्या वाक्याचा भुगा केला असता. मी म्हटलं, “हो,” आणि फोन ठेवला. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, आलं नाही.

आईने ताट बाजूला सारलं. टरफलं झटकली. घडी घातलेल्या कागदाची कड ती बोटाने दाबत होती, सवयीने, हवा काढल्यासारखी. “मूळ गोष्ट म्हणाला ना तो? तुला लिहावी लागणार?”

“हो.”

“मग वाच. पाच.”

“नक्की?”

“आता मी काय, उठून-बसून सारखीच. वाच.”

मी घडी उघडली. पाचवं पान सरळ करून धरलं. त्या पुस्तिकेची भाषा जुनी, कोरडी, शाळेच्या धड्यासारखी. मला सवय आहे, मी भराभर वाचते, पण ते पान मला भराभर वाचता येईना. त्या माणसाने मोहरी आणून दिली. तिने विचारले, आपल्या घरी कोणी गेले आहे काय? तो म्हणाला, माझे वडील. तिने मोहरी परत केली. तिने दुसऱ्या घराचे दार वाजवले. तेथे एक विधवा होती. तिने तिसऱ्या घराचे दार वाजवले. तेथे दोन भावांपैकी एक होता. आई ऐकत होती, मान हळू हलवत, गावी कोण कोण आहे हे कुणी सांगताना ऐकतात तशी. मध्येच म्हणाली, “किती घरं?”

“पुष्कळ. संध्याकाळपर्यंत फिरते ती.”

“मूल घेऊन?”

“घेऊनच.”

“हं.” आईने पदराने चष्मा पुसला. मला वाटलं आता पुरे म्हणेल. चेहऱ्यावर ती जुनी भिंत येतेय का ते मी बघत होते, आणि ती आली असती तर मी कागद तिथेच फाडला असता, ग्रंथ गेला चुलीत. पण ती खुर्चीत जरा पुढे सरकली. दाराकडे बघत होती, बंद दाराकडे, पाय चपलेत घालत.

“थांबलीस का? वाच.”

मी वाचलं, “तिने आणखी एका घराचे दार वाजवले.”

“ये गं,” आई म्हणाली, “आधी बस.”